मिस्त्री आणि बत्तीसचं रिव्हॉल्वर

दुकानात कोणतीही बंदूक आली, तरी मिस्त्री ती हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारीत : "जनावर कोणतं?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचे हात मांडीवरच्या तेलकट फडक्यातून बाहेर येत नसत. वानर म्हटलं, तर नुसता आवाजाचा बार, तोही आभाळाकडे. डुक्कर म्हटलं, तर बारा बोअरची बंदूक, जाड छऱ्यांचं काडतूस आणि अंतर तीस पावलांच्या आत. "कोणतंही" असं उत्तर देणाऱ्याला ते चहा पाजीत आणि परत पाठवीत.

रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बंदूकदुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं. बावीस वर्षं आखाती जहाजांच्या इंजिनखोलीत काढून ते परतले आणि वडिलांच्या बाकावर बसले. गावोगावच्या बागायतदारांच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होत. सुटून आल्या की गंज काढायला आधी मिस्त्रींकडे येत. ते नमाजी गृहस्थ. तरीही डुकरांनी नासधूस केली आणि वनखात्याची परवानगी मिळाली, की कागदावर नेमबाज म्हणून नाव बहुधा त्यांचंच असे. शेजारच्या मासेमारी जाळ्यांच्या दुकानातला जाळीवाला त्यांना डिवचायचा, "मिस्त्री, तुमका डुकराचा चालता कसा?" मिस्त्री नळीतून उजेड पाहत म्हणत, "मारून पुरायचाय. ताटात कोण घेतोय?"

त्यांचा एक नेम होता. जखमी जनावर मागे सोडायचं नाही. उद्या ते गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर जाईल, असं ते सांगत. पण हे कारण अर्धंच असावं. एखादा प्राणी कुठेतरी तडफडतो आहे हे ठाऊक असताना त्यांना जेवण जात नसे, हे त्यांच्या पत्नीने मला पुढे सांगितलं. दुसरी गोळी झाडायची वेळ त्यांच्यावर सहसा येतच नसे. गावात त्यांची पत होती ती याच गोष्टीची.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मिरजोळ्याच्या पलीकडे माझी काजूची बाग आहे आणि वडिलांच्या मागे त्यांची एकनळी बंदूक माझ्या नावावर आली. तारेने बांधलेल्या दस्त्याची ती बंदूक खांद्यावर घ्यायची मला लाज वाटे. आठ वर्षांपूर्वी मी मिस्त्रींकडे गेलो आणि बागेत फिरताना लहानसहान जनावरांसाठी रिव्हॉल्वर घ्यावं म्हणतो, बावीस बोअरचं बरं की बत्तीसचं, असं विचारलं. वहीत दोन्हींच्या गुणांची यादीही करून नेली होती.

"जनावर कोणतं?"

ससा, साळिंदर, एखादं डुकराचं पिल्लू, मी म्हणालो.

"सशाला नि साळिंदराला हात लावलात, तर जंगलखातं तुमाला हात लावील, सर." मग त्यांनी वही बाजूला ठेवून शांतपणे समजावलं. बावीसची गोळी हलकी, डुकराला नुसती चिडवील. बत्तीसची जराशी जड, पण आखूड नळीतून वीस पावलांवर ती कुठे जाईल हे हाताला कळत नाही. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. दोन्हींपैकी एकही बागेच्या कामाचं नाही. शेवटी ते म्हणाले, "बोअर जनावराकडे बघून ठरवायचा. तुमी आरशात बघून आलायत."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मी हट्टाने, ओळखी वापरून, बत्तीसचं रिव्हॉल्वर घेतलं.

दोन वर्षांनी डुकरांनी माझी सुरणाचे वाफे उकरले. परवानगी आली; नेमबाज मिस्त्री. ते सकाळी आठला येणार होते. साडेसहाला मला बांधाशी एक डुक्कर दिसलं आणि कमरेचं रिव्हॉल्वर मी कधी काढलं ते मला आठवत नाही. गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. किंचाळत ते करवंदीच्या जाळीत शिरलं. मी फोन केला. मिस्त्री रिक्षाने आले, त्यांनी रक्ताचे ठिपके पाहिले आणि मला रिक्षात बसायला सांगितलं. सत्तरीचा तो माणूस वाकून जाळीत शिरला. आधी जनावर अंगावर आलं, मग बार वाजला. डुक्कर पडलं, पण मिस्त्रींची मांडी सुळ्याने फाटली होती.

रुग्णालयात वनरक्षक पंचनाम्याला आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दोन्ही बार माझेच," ते म्हणाले. "पहिल्याला हात हलला." मी बोलायला तोंड उघडलं असतं, तर परवाना गेला असता, कदाचित नोकरीही. मी तोंड उघडलं नाही.

मिस्त्री लंगडत दुकानात परतले, पण गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. म्हाताऱ्याचा हात गेला, असं लोक म्हणू लागले. परवानगीच्या कागदांवर दुसरी नावं येऊ लागली. जाळीवाल्याने डिवचणं थांबवलं. मला वाटतं, मिस्त्रींना तेच सगळ्यांत जड गेलं असावं. मी दर ईदला जाऊन शिरखुर्मा खात होतो आणि दरवर्षी गप्प परत येत होतो.

गेल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी गेलो आणि अखेर म्हणालो, की मी सगळ्यांना खरं सांगतो.

"सर, रक्त ओलं असतं तोवर माग काढता येतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता, तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी पत्नीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ते गेले. त्यानंतरच्या सोमवारी मी रिव्हॉल्वर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. शस्त्र कायमचं जमा करण्याच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. तिथे "गरज नाही" एवढंच लिहितात, असं हवालदारांनी सौजन्याने सांगितलं. मी पेन उघडलं. मिस्त्रींचं पूर्ण नाव लिहिलं, डुक्कर पडलं त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं : पहिली गोळी माझी होती.

हवालदारांनी ते वाचलं आणि खुर्ची पुढे ओढून मला जबाबासाठी बसायला सांगितलं.