बंगल्याला जुनं करताना

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फर्निचरच्या कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. गेल्या वर्षी एका रेस्टॉरंटचं काम आलं. मालकाला कॅरिबियन बेटावरच्या उसाच्या मळ्यातला साहेबाचा बंगला हुबेहूब हवा होता. लाकडी व्हरांडा, झडपांच्या खिडक्या, सगळं जुनंपुराणं दिसणारं. त्यासाठी आमचे मेस्त्री कोऱ्या सागवानाला साखळीने झोडपून पोचे पाडत. मेस्त्री सावंतवाडीकडचे. महिनाअखेरीला त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि काम हँडओव्हर झाल्याशिवाय सुट्टी नाही, असं मॅनेजरने बजावलं होतं.

मेन्यूकार्डावर बंगल्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाचायला बसले आणि डोकंच फिरलं. बंगला उभा राहिला गुलामांच्या जिवावर. गुलामी संपली तशी हिंदुस्थानातून माणसं नेली, पाच वर्षांच्या करारावर. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर साहेबाची चिठ्ठी लागे, नाहीतर तुरुंग. एवढं मी चार ओळींत लिहिलं. मालकाने चारही ओळी खोडल्या.

"मॅडम, लोग खाना खाने आएंगे," तो म्हणाला. "समथिंग रोमँटिक लिखो."

मी तरातरा खाली वर्कशॉपमध्ये गेले आणि सगळा संताप मेस्त्रींपुढे ओकला. साखळी खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

"ती चिठ्ठी कोण लिहायचा, ताई?"

"सही साहेबाची. लिहायला कुणीतरी कारकून असेल."

"आपल्यातलाच?"

"असेलही."

मेस्त्री म्हणाले, "माझा पासपोर्ट तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे ना? तीनदा मागितला. तुम्ही म्हणालात, हँडओव्हर होऊ दे, मग बघू, इन्शाल्ला."

ते चिडून बोलले नाहीत, म्हणून जास्तच झोंबलं. कधीच्या मेलेल्या साहेबांना मी शिव्या घालत होते आणि अडतीस माणसांचे पासपोर्ट माझ्या कुलपात होते. हे कायद्यात बसत नाही, हेही मला ठाऊक होतं. मॅनेजरने ठेवा म्हटलं, मी ठेवले. त्यासाठी त्याला आवाजसुद्धा चढवावा लागला नव्हता.

वर जाऊन ड्रॉवर उघडला. पुन्हा त्याला कुलूप लावलं नाही. पासपोर्ट खाली नेऊन मेस्त्रींच्या हातात दिला. लाकडाचा भुसा पँटला पुसून त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"थँक्यू, ताई," ते म्हणाले.

स्वतःचीच वस्तू परत मिळाली म्हणून त्यांनी मला थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूने मला स्वतःचाच आलेला राग अजून गेलेला नाही.