दोनदा चाळलेला डबा

चाळणीकाकांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सहाच्या भोंग्याआधी खडी फोडायच्या यंत्राचं तेलपाणी उरकलेलं असायचं. खडीत एक गोटा जाड निघाला की सगळा ढीग पुन्हा यंत्रात. नाव त्यावरूनच पडलं. काका यंत्राच्या माचीवर उभे, मी खाली फावडं मारायचो.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि काकांच्या रक्तात साखर निघाली. दुपारी जेवले की माचीवर डोळे मिटायला लागले. साहेब म्हणाले, "साखर आटोक्यात आणा, नाहीतर खाली उतरा. फाटकावर खुर्ची रिकामी आहे."

काकांना खुर्ची म्हणजे शिवी.

दवाखान्यातल्या सिस्टरनी पांढरा पाव बंद केला. गहू, चवळी अख्खी शिजवून खा म्हणाल्या. ते सावकाश पचतं, साखर एकदम चढत नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात राखाडी लगदा.

"काका, हे काय?"

"गहू आणि चवळी."

"मला वाटलं सिमेंट कालवलंय."

"दळून दोनदा चाळलंय. एक कण जाड सापडला तर दाखव."

पुढच्या तपासणीला साखर जागची हललेली नव्हती.

"सांगितलेलं खातात ना?" सिस्टरनी काकूंना विचारलं.

"खातात कसले, पितात."

लगद्याची हकिगत ऐकून सिस्टर हसल्या. "अहो काका, अख्खा दाणा फोडायला पोटाला वेळ लागतो. तोच तर हवाय. तुम्ही त्याचं काम घरीच उरकून देताय."

काका मग म्हणाले, "म्हणजे पोट बसून पगार खातंय."

"आणि तोंडात फोडणार कशाने?" काकू म्हणाल्या. "दाढा कधीच गेल्यात. कवळी करा म्हटलं की यांचं एकच, पैसे गादीला ठेवलेत. निवृत्त झाल्यावर उन्हं येईपर्यंत लोळायचंय."

काकांनी कवळी केली, डब्यात अख्खे दाणे आले. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवेना, असा कडाकड आवाज.

"काका, जरा हळू."

घास संपल्यावर म्हणाले, "यंत्र चालू असताना बोलू नये."

साखर हळूहळू उतरली. डोळे मिटायचे थांबले. काका शेवटच्या दिवशी माचीवरूनच घरी गेले, खुर्चीवर एकदाही न बसता.

अजून जुन्या सतरंजीवर झोपतात. चारला उठतात आणि आधी दात लावतात. जन्मभर खडी फोडून साठवलेल्या पैशांत गादी यायची होती, ती राहिली. दात आले.