जॉर्जियाच्या गाडीतली सहावी जागा

किस्से कसे साठतात ते मला चांगलं ठाऊक आहे. शहाद्यात दिलीपभाईंच्या कृषी सेवा केंद्रासमोर एक लाकडी बाकडं आहे. रोज सकाळी त्यावर आम्ही तिघं बसतो. एक खरं बोलतो, दुसरा त्यात थोडं घालतो आणि तिसरा ते गावभर पोचवतो. सहा महिन्यांत एवढा माल साचतो की दुकानात खताच्या गोण्यांना जागा उरत नाही!

खरं बोलणारे म्हणजे नाना, रिटायर्ड तलाठी. खरं बोलायला लागले ते रिटायर झाल्यावर! गावभर पोचवणारे खुद्द दिलीपभाई. तापीकाठी केळी आणि शहाद्यात दुकान, म्हणजे दोन्हीकडे श्रोते. आणि थोडं घालणारा तो मी. शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून सगळे 'सर' म्हणतात.

यंदाचा सगळा माल एकाच विषयावरचा आहे. दिलीपभाईंची जॉर्जियाची ट्रिप! आणि पहिल्याच पानावर कबूल करतो, मी जळतोय. साधंसुधं नाही. ॲसिडिटीची गोळी घेऊन लिहायला बसलोय.

*

दिलीपभाई मागे एका टूर कंपनीबरोबर दुबईला गेले होते. पुढे झेंडा धरलेला गाइड, मागे चाळीस माणसं. एका मॉलमध्ये भाई पाणी प्यायला थांबले, मान वर करून बघतात तो पिवळा झेंडा लांब गेलेला. पळाले. दिवसभर त्या झेंड्यामागे फिरले. बोटीत बसले, पोटभर जेवले, ग्रुप फोटोत मधोमध उभे राहिले. संध्याकाळी भलत्याच हॉटेलात शिरताना कळलं, हा ग्रुप श्रीलंकेचा होता!

मी म्हटलं, "भाई, दिवसभर त्यांची भाषा कानावर पडत होती. काहीच वाटलं नाही?"

"वाटनं ना! मले वाटनं, पुनाकडला मानसं व्हतीन!"

तेव्हापासून भाईंनी झेंड्याचा धसका घेतला. "आते झेंडा नही! आपली गाडी, आपलाच मानसं, आनि तठलाच लोकेसना घर मुक्काम!"

त्यांच्या पुतण्यानं नेटवर शोधून जॉर्जियातली एक मुलगी काढली. नाव नीनो. तिच्या आईवडिलांचा द्राक्षाचा मळा, मळ्यात घर. ही माणसं पाहुण्यांना घरी ठेवून घेतात आणि नीनो स्वतः गाडी चालवून देश दाखवते.

नीनोला सोडून गाडी सहा जणांची. जाणारे पाच. दिलीपभाई आणि सरोजबेन, नाना आणि नानी, आणि भाईंची थोरली विधवा बहीण मंजुबेन.

सहावी जागा रिकामी.

त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. मी मात्र बाकड्यावर रोज भांग पाडून जायला लागलो.

*

नीनोचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि बाकड्यावर इंग्रजी येणारा मी एकटा. त्यामुळे किल्ला कोणता, डोंगर कोणता, खोल्या किती, नाश्त्याला काय, सगळं माझ्याच बोटांनी ठरलं. ट्रिप त्यांची, टायपिंग माझं!

नीनोनं पहिल्याच मेलमध्ये विचारलं, "तुम्ही आमच्या घरी येणार, तर आधी ओळख होऊ दे. तुमच्यापैकी प्रत्येकाला मनापासून काय आवडतं?"

भाईंनी सांगायला सुरुवात केली. "लिखा. चाळीस एकर, सगळं ड्रिप, दोन ट्रॅक्टर..."

"भाई, ती आवड विचारतेय, तुम्ही सातबारा सांगताय!"

मग नानांकडे वळलो. नाना बराच वेळ विचार करून खरं बोलले. "सर, या उमरमा काय आवडस? सकाळले पोट साफ व्हयनं, की दिन चांगला जास."

आता हे इंग्रजीत कसं लिहायचं? मी लिहिलं, 'मिस्टर नाना एन्जॉइज पीसफुल मॉर्निंग्ज.'

दुसऱ्या दिवशी नीनोचं उत्तर आलं. ते वाचून घरच्यांना फार बरं वाटलं म्हणे. मिस्टर नानांसाठी त्यांनी वरच्या मजल्यावरची गच्चीची खोली काढून ठेवली. समोर बर्फाचे डोंगर, खाली द्राक्षं, आणि सकाळी सातला मध घातलेला चहा तिथेच येणार!

नानांनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "संडास जोडीले शे ना?"

त्या रात्री मी जेवलो नाही.

*

आता एक पाप सांगतो. या गच्चीच्या प्रकरणानंतर माझी नियत फिरली. वाटलं, यांना एखाद्या साध्या हॉटेलात ढकलावं, म्हणजे मलाही जरा झोप लागेल.

मी नीनोला गुपचूप लिहिलं. 'एक सांगायला हवं. मिस्टर दिलीप घोरतात. आमच्याकडे तापी नदीचं पात्र फार मोठं आहे, तरी पलीकडच्या गावातली कुत्री उठून बसतात. तुमच्या आईवडिलांच्या झोपेची मला काळजी वाटते.'

उत्तर तासाभरात. 'माझे बाबाही असेच घोरतात! काळजी करू नका. मळ्याच्या टोकाला दगडी भिंतींचं एक छोटं घर आहे. ते आम्ही फक्त हनिमूनच्या जोडप्यांना देतो. मिस्टर दिलीपना तेच देतो, आमच्याकडून भेट म्हणून.'

संध्याकाळी सरोजबेन पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या घरी. म्हणाल्या, "सर, तुम्ही इतलं मन लाईसन करी ऱ्हायनात!"

पेढा मी गिळला. ॲसिडिटीची गोळी त्याच दिवशी सुरू झाली.

*

अखेर एका सकाळी भाईंनी विषय काढलाच. "सहावी सीटनं काय करानं?"

मी बाकड्यावर पुढे सरकलो.

"मी काय म्हनस, रांधनारा एक मानूस लागी. दहा दिन बिना भाकरीना? मी तठेच मरी जासू!"

आमच्याकडची माणसं परदेशी जाताना पासपोर्टच्या आधी स्वयंपाकी शोधतात. नीनोची आई रोज घरचं गरम जेवण करून वाढणार, हे मी तीनदा वाचून दाखवलं होतं. पण तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी येते का? नाही ना? मग संपलं!

पहिला नंबर मगन महाराजांचा लागला. लग्नाच्या पंगती उठवणारा माणूस, खिचडी अशी की वरपिता नवरदेवाला विसरून पातेल्याकडे बघतो. भाईंनी ट्रायल ठेवली. "महाराज, सहा मानसेसनी करी दखाडा."

महाराज अकराला बसले, दोनला उठले. पहिला घास तोंडात टाकताच भाईंनी डोळे मिटले. मग डोळे उघडून पातेल्याकडे पाहिलं. आम्ही जेवलो, दुकानातले हमाल जेवले, गल्ली जेवली, शेजारच्या बँकेत डबे गेले. म्हसावदहून औषध न्यायला आलेल्या दोन शेतकऱ्यांना हाताला धरून बसवलं. पातेलं निम्म्यावरही येईना!

भाई म्हणाले, "महाराज, सहा मानसेसनी सांगी व्हती!"

महाराजांना खरंच वाईट वाटलं. "भाई, मन्हा हात दोनशेना खाले येतच नही." मग मला म्हणाले, "सर, त्या पोरीले इचारी ल्या ना. तिनं गाव कितलं मोठं शे?"

*

महाराज बाद झाले. त्याच क्षणी मी उठून म्हणालो, "भाई, मला येतं भरीत."

पंचवीस वर्षांच्या संसारात मी चहाचं आधण दोनदा ठेवलंय, तेही एकदा पातेल्यात पाणी न घालता. पण एकदा बोललो ते बोललो!

घरी येऊन सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, गळ घातली. तिनं वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. डबा भरून दिला आणि म्हणाली, "आयकतस का, विचारलं तर जास्त बोलू नका."

बाकड्यावर डबा उघडला. बोटं चाटली गेली. भाई म्हणाले, "सर, सीट तुमनी!"

आयुष्यातली ती तीन मिनिटं मी जॉर्जियात होतो.

तेवढ्यात नाना. "सर, वांगं भाजाना पहिले त्याले सुरीवरी टोचा काब्र मारतस?"

वांग्याला टोचे मारतात हेच मला माहीत नव्हतं! मी म्हणालो, "ते... झोपलंय की जागं, ते बघायला."

भाईंनी डब्याचं झाकण लावलं. "रविवारी तुमना आंगनमा भरीत. समोरासमोर. नीनोलेबी व्हिडिओवर दखाडू."

*

रविवारी आमच्या अंगणात सगळी पार्टी जमली. खुर्चीवर मोबाइल उभा केलेला, त्यात नीनो आणि तिची आई. मी कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगं ठेवलं. टोचे मारायचे लक्षात होते, पण 'जागं की झोपलेलं' यावर सगळे एवढे हसत होते की त्या रागात राहून गेले.

वांगं फुटलं! निम्मं माझ्या शर्टावर, निम्मं नानांच्या चष्म्यावर. तिकडे नीनोच्या आईनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, ही आमच्याकडची पद्धत असेल!

सुनंदानं मला कोपरानं बाजूला सारलं. पदर खोचला आणि दुसरं वांगं घेतलं. पुढचा अर्धा तास ती आणि नीनोची आई मोबाइलच्या दोन बाजूंनी बोलत होत्या. ती तिकडून अक्रोड दाखवी, ही इकडून शेंगदाणे. ती लसणाच्या पाकळ्या बोटांवर मोजी, ही मान हलवून आणखी दोन वाढवी. ती जॉर्जियन बोलत होती आणि ही अहिराणी. आणि मी, इंग्रजीचा सर, वांग्याच्या शर्टानं मधे उभा. मला कोणी काही विचारलं नाही!

कॉल संपला. दिलीपभाई काही बोलायच्या आधी मंजुबेन उठल्या आणि सुनंदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चला, मन्ही खोलीले जोडीदारीण भेटनी!"

मला काही कळेना. मग पुतण्यानं माझाच जुना मेल काढून दाखवला. खोल्या तीन. एक दिलीपभाई-सरोजबेनची. एक नाना-नानींची. तिसरी, दोन खाटांची, मंजुबेन आणि सहाव्या पाहुण्याची.

मीच लिहिलं होतं, खाली माझंच नाव. दोन महिने मी भांग पाडून मंजुबेनच्या खोलीतल्या खाटेसाठी रांगेत उभा होतो!

नाना चष्मा पुसत म्हणाले, "सर, मले पहिल्या दिनपासून माहीत व्हतं. मी म्हटलं, कदाचित तुमले चाली!"

*

सुनंदाची ओळख लिहून पाठवायची राहिली होती. ते कामही माझ्याकडेच आलं. नीनोचा तोच प्रश्न. मनापासून काय आवडतं? डोंगर चढणं? जुनी चर्चेस बघणं? नदीत बोटीनं जाणं?

इतरांच्या ओळखी मी दहा मिनिटांत फेकल्या होत्या. इथे पाऊण तास बसलो आणि एक शब्द सुचेना. पंचवीस वर्षं एका घरात! शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं.

ती पोळ्या लाटत होती. हात थांबवला नाही. "लिखा, बठाले आवडस."

"बसायला? बाकी काही?"

"बाकी काय? बठनं भेटनं म्हनजे बाकी व्हई जाई."

मी तसंच लिहिलं. नीनोच्या आईचं उत्तर आलं, मुलीकडून लिहून घेतलेलं. 'आमच्या घरी पाहुणा चुलीला हात लावत नाही. तुतीच्या झाडाखाली एक खुर्ची आहे, ती त्यांची.'

म्हणजे बघा. स्वयंपाकीण म्हणून निवड झाली, आणि स्वयंपाकच करायचा नाही! मी दिलीपभाईंना म्हटलं, "भाई, मग आता सहाव्या जागेचा पुन्हा विचार करायला हवा..."

भाई म्हणाले, "सर, तिना व्हिसा कालच उना."

*

आज रविवार, त्यांचा तिथला चौथा दिवस. इकडे दुपारचे चार वाजले असतील, तिकडे जेवणं चालली होती. मी खिचडी लावली होती. सहाची लागली की सोळाची, ते मगन महाराजांना विचारावं लागेल.

व्हिडिओ कॉल आला. लांबलचक टेबल. दिलीपभाई भाकरीचं नावही न काढता चीज भरलेली रोटी हाणत होते. नानांच्या तोंडावर पीसफुल मॉर्निंग मावत नव्हती. टेबलाच्या मानाच्या टोकाला, तुतीच्या सावलीत, खुर्चीवर सुनंदा. नीनोची आई तिच्या ताटात वाढत होती आणि ही 'पुरे' म्हणत नव्हती.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"थांबा जराखा," ती म्हणाली, आणि मोबाइल टेबलावर उताणा ठेवून दिला. मला फक्त तुतीची पानं दिसायला लागली.

वरून तिचा आवाज ऐकू येत होता. अस्सल अहिराणी, मधेमधे भांड्यावर चमचा वाजवल्यासारखं काहीतरी, मग थोडा थांबा. तो थांबा कुठे घ्यायचा ते मला बरोबर कळतं, माझा धंदाच तो आहे. आणि मग सगळं टेबल खदखदलं! नीनोच्या वडिलांनी हसून टेबलावर मूठ आपटली, मोबाइल उडाला. नीनोची आई वाकली, डोळे पुसत मोबाइलमध्ये डोकावली, माझं तोंड पाहिलं, आणि पुन्हा हसत सुटली.

माझ्या किस्स्यावर आजवर कोणी टेबल आपटलेलं नाही.

सुनंदानं फोन उचलला. मी विचारलं, "काय सांगत होतीस त्यांना?"

"तुमनाच एक किस्सा."

"कोणता?"

ती हसली. तोंडात घास होता.

"आज चौथाच दिन शे. कोनकोनता सांगू? दहा दिन पुरीसन उरतीन, इतला शेतस!"