पूर्वेकडून येणारं सैन्य

माझा दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. त्याने लग्न केलं नाही. मुलुंडला आईबरोबर राहायचा आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या साच्यांची डिझाइनं करायचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून घरी आला की जेवून पुन्हा कॉम्प्युटरच उघडायचा. आई वैतागायची. पण त्याचा तो एकच शौक होता.

गोळीबाराचे, धावाधावीचे गेम त्याला आवडत नसत. त्याचा गेम राज्य उभारण्याचा. सुरुवातीला एक वस्ती आणि एक भालेवाला, बस. आपण आपली माणसं हलवायची, काय बांधायचं ते ठरवायचं आणि ‘खेळी संपली’ असं बटण दाबायचं. मग कॉम्प्युटर बाकीच्या राजांच्या खेळ्या खेळणार. आपण बटण दाबत नाही तोवर तो गप्प थांबून राहतो. दादा कायम सगळ्यात कठीण पातळीवर खेळायचा. त्या पातळीवर शेजारच्या राजांना पहिल्यापासूनच जास्त वस्त्या, जास्त सैनिक मिळतात. आपण जरा स्थिरावतोय तोच त्यांची फौज दारात येऊन उभी राहते.

मी माहेरी गेले की चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभी राहायची. तो स्क्रीनवरची नजर न काढता सांगायचा, “सुरुवातीला हावरटपणा करायचा नाही गं. देवळं-बिवळं मागाहून. आधी तिरंदाज. वस्ती टेकडीवर, पुढ्यात नदी. लुटारू दिसले म्हणून त्यांच्या मागे पळत सुटायचं नाही.”

“मग मजा काय त्यात?”

“जिवंत राहण्यात मजा नाही?” तो हसायचा. “एवढी सुरुवात निघाली ना, की पुढे झकास.”

मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचीही गरज वाटत नव्हती.

त्याला झटका आला तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. हातातला चहाचा ग्लास खाली पडला आणि तो ग्लासाकडे नुसता बघत राहिला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. डोक्यात डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. अतिदक्षता विभागातून बाहेर आला तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता आणि बोलणं गेलं होतं. समजत होतं बरंचसं, पण शब्द येत नव्हते. पाणी हवं असलं तर तो ओठ हलवायचा, घशातून आवाज काढायचा, आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचा.

वॉर्डात आणल्यावर एकदा सिस्टरच्या हातून सलाईनची बाटली निसटली. दादा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, “वाट लागली!”

आई आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. आईने देवाला हात जोडले. आम्हाला वाटलं, आलं, बोलणं परत आलं. आम्ही त्याला म्हटलं, “बोल ना, अजून बोल.” त्याने खूप जोर लावला, मान ताणली, घाम फुटला त्याला. आणि पुन्हा तेच आलं. “वाट लागली.” त्याचं त्यालाच हसू आलं आणि हसता हसता चेहरा वाकडा होऊन तो रडायला लागला. डॉक्टरांनी मग समजावलं, की सवयीने तोंडात बसलेलं असं एखादं वाक्य मेंदूत वेगळीकडे राहतं, ते शाबूत असतं. ठरवून बोलायचे शब्द नव्याने आणावे लागतील.

मी घाटकोपरला सकाळच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली की डबा तिथेच खाऊन बस पकडायची आणि मुलुंडला जायचं, असं सुरू झालं. नवऱ्याने आणि मुलीने घरचं सांभाळून घेतलं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असायचा. व्यायाम करायला तयार नसायचा. भेटायला येणारे नातेवाईक त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचे, जणू तो बहिरा झालाय. त्याने एखादा शब्द काढायला तोंड उघडलं की आई घाईने तो पुरा करून टाकायची. “चाय व्हयी? भायर जावचा हा?” तिला त्याचे हाल बघवत नव्हते. पण तोंड उघडलेलं तसंच राहायचं आणि मग बंद व्हायचं.

वाचा सुधारायला येणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी मला विचारलं, “यांना काय करायला आवडायचं?” मी जरा संकोचूनच गेमचं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, “तो थांबतो का? म्हणजे, वेळ लागला तर चालतो?”

“हवा तेवढा.”

“मग बसवा की. आणि तुम्ही शेजारी बसा. काय करतायत ते त्यांना सांगायला लावा. वेळ लागू दे. तुम्ही मात्र बोलायचं नाही.”

दादाला कॉम्प्युटरसमोर बसवलं तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याची पाठ ताठ झाली. माऊस डाव्या बाजूला ठेवला. डाव्या हाताने तो चाचपडत पुढे गेला आणि त्याने सरळ सगळ्यात कठीण पातळी निवडली.

“अरे, सोपी घे ना आधी,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली.

“दादा, प्लीज.”

“वाट लागली,” तो म्हणाला, आणि यावेळी त्याचा अर्थ स्पष्ट होता. गप्प बस.

तो हरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हरला. रोज दुपारी हेच. पहिली वस्ती वसायची, शेताला पाणी यायचं आणि कुठल्यातरी शेजाऱ्याची फौज येऊन तिला आग लावायची. पूर्वी लीलया निभावून न्यायचा तीच सुरुवात आता त्याला जमत नव्हती. प्रत्येक वेळी तो माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा आणि बराच वेळ तसाच बसायचा. मला ते बघवेना. थेरपिस्ट बाईंना मी म्हटलं, की हे बंद करूया, उगीच त्याला दाखवून देतोय आपण, की तू संपलास. त्या म्हणाल्या, “ते स्वतः बंद करतायत का?” तो करत नव्हता.

मग मीच गेम शिकायला बसले. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर नियम वाचायचे, दुपारी त्याच्या शेजारी बसून बघायचं. हळूहळू मला दिसायला लागलं, की त्याच्या खेळ्या चुकीच्या नाहीत. तिरंदाज तो वेळेवर बनवत होता. वस्ती टेकडीवरच होती. पश्चिमेकडून लुटारू आले तर ते दिसताच तो बरोबर माणूस नेऊन वाट अडवत होता. मग हरतो कसा?

एका दुपारी शेजारच्या राजाची फौज स्क्रीनच्या उजव्या कडेने आली. चांगले ढळढळीत लाल झेंडे. मला ते केव्हाचे दिसत होते. दादाने शांतपणे तिरंदाज डावीकडे, जंगल तोडायला निघालेल्या मजुरांच्या राखणीला पाठवला आणि खेळी संपवली.

“दादा, ते बघ ना!”

तो माझ्याकडे बघायला लागला.

“उजवीकडे. फौज आलीय.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. मी त्याची हनुवटी धरून मान उजवीकडे वळवली, आणि तो दचकला. एवढा दचकला, की खुर्ची मागे सरकली.

मला एकदम जेवणाचं ताट आठवलं. रोज तो अर्ध्या ताटातलं जेवायचा आणि उजवीकडचा भात तसाच राहायचा. आई म्हणायची, “अर्धो भात टाकतंस मरे, माझ्या हाताक चव रवली नाय काय?” दाराच्या उजव्या चौकटीवर त्याचा खांदा सारखा आपटायचा. आम्हाला वाटायचं, पाय ओढतो म्हणून तोल जात असेल. बोलता येत नसल्यामुळे तोही कुणाला काही सांगू शकला नव्हता, किंवा त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. जे दिसतच नाही ते दिसत नाही, हे कळणार कसं?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठीक होते. पण दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं अर्धं जग त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते परत येईलच असं नाही, म्हणाले, पण मान वळवून बघायची सवय लावता येईल. उजव्या कडेला काहीतरी खूण ठेवा. ती दिसेपर्यंत मान वळवायची.

घरी आल्यावर आईने आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढली आणि स्क्रीनच्या उजव्या काठावर चिकटवली. दुसरी ताटाच्या कडेला, तिसरी दाराच्या चौकटीवर. त्या रात्री दादाने सगळा भात खाल्ला. आई मोरीत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडली. इतके दिवस आपण त्याला उपाशी ठेवलं, असं म्हणत राहिली.

त्यानंतर प्रत्येक खेळीआधी दादा आधी टिकली शोधायचा आणि मग डावीकडे परत यायचा. वेळ लागायचा. पण गेमला घाई नव्हती, आणि मीही गप्प राहायला शिकले होते. आमची एक वस्ती अशीच बराच काळ तगली. मग फौज आली, पूर्वेकडूनच. दादाची मान वळलेली होती. त्याचा श्वास जोरात व्हायला लागला. माझा हात तो दाबून धरून होता.

“ति...” तो म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटले. स्वयंपाकघरातून आई यायला निघाली होती, तिला मी हाताने थांबवलं.

“तिर... तिरं... दाज.” मग पुन्हा एकदा, “तिरंदाज. इथे.”

ठरवून बोललेला तो त्याचा पहिला शब्द. तिरंदाज टेकडीवर चढला. नदी ओलांडताना शत्रूची माणसं पडायला लागली. किती खेळ्या गेल्या मला आठवत नाही, पण शेवटी शेजाऱ्याने तहाचा निरोप पाठवला. दादाने तो वाचायचा प्रयत्नही केला नाही, सरळ ‘मान्य’वर दाबलं आणि खुर्चीत मागे रेलला. चेहरा घामाने चिंब. आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिने त्याच्या हातावर साखर ठेवली.

मला वाटलं, आता सुटलो. सुरुवात निघाली की पुढे झकास, हे त्याचंच म्हणणं. शब्दही येऊ लागले होते. पाणी, पंखा, आई, बस. पण गेममध्ये वस्त्या वाढल्या, पाच-सहा शहरं झाली, व्यापार, रस्ते, करार, सगळं एकाच वेळी सांभाळायची वेळ आली, तसा तो गोंधळायला लागला. एका शहरात काय चाललंय ते बघून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं विसरायचा. कुणी हल्ला करत नव्हतं. तो हरतही नव्हता. नुसता मध्यभागी थांबून राहायचा, माऊस हातात धरून. मग ते राज्य बंद करायचा आणि नवीन सुरुवात उघडायचा. वर्ष उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, की जे यायचं होतं ते बहुतेक आलं. आता आहे त्यात भागवायचं.

कारखान्याने इतके दिवस त्याची जागा धरून ठेवली होती. एकदा येऊन जा, असा निरोप आला. मी शाळेतून रजा घेऊन त्याला रिक्षाने मरोळला नेलं. सगळे उठून भेटले, कुणी त्याला मिठी मारली. त्याच्या टेबलावर एक नवीन मुलगी काम करत होती. तिने चटकन उठून त्याला खुर्ची दिली आणि स्क्रीनवरचं एका साच्याचं डिझाइन दाखवलं. “सर, तुमचंच आहे. मी नुसतं पुढे नेतेय.”

दादाने मान उजवीकडे वळवली. मग डावीकडून उजवीकडे सगळं नीट बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. त्या रेषांवर तो बोट फिरवत होता. त्याच्या स्वतःच्या रेषा. मग त्याने बोट काढून घेतलं आणि मान हलवली. मुलीला वाटलं काहीतरी चुकलंय. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “नाही गं, छान आहे.” राजीनाम्यावर त्याने डाव्या हाताने सही केली.

परतताना पवईला तलावाशी त्याने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. आम्ही उतरून कठड्याजवळ बसलो. ऊन कलतीला लागलं होतं. मुलं कॉलेजच्या बॅगा अडकवून सेल्फी काढत होती. दादा म्हणाला, “तू...” आणि थांबला.

मी पाण्याकडे बघत राहिले. मला दहा वाक्यं सुचत होती. तू दमलीस का, तू रडतेयस का, तू चहा घेणार का.

“तू... घ... घरी.”

“जातोय ना आता घरी.”

त्याने जोरात मान हलवली. चूक माझी होती, मी बोलले होते. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. “तू. तुझ्या. घरी.” बराच वेळ गेला. “रोज... नको.”

“मला काही त्रास नाही रे त्याचा.”

“मला,” तो म्हणाला. आणि मग छातीवर डावा हात ठेवून, एकेक शब्द हाताने खेचून काढावा तसा, “मला... जमेल. एवढं.”

मी त्याच्याशी भांडले. तिथेच, लोक बघत असताना, त्याला म्हटलं, “तू कोण मला सांगणार? मी येणार!” त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी शाळेच्या दारात सोडताना फिरवायचा तसा. मला रडू आवरेना.

आता मी गुरुवारी आणि रविवारी जाते. बाकीचे दिवस आई फोनवर सांगते, जेवला, चालून आला, खेळत बसलाय. त्याला एकट्याला ते तेवढं जमतं, जेवढं तो म्हणाला होता. पुढचं कधी जमेल असं आता आम्ही कुणी म्हणत नाही. शाळा सुटली की सवयीने पाय बसस्टॉपकडे वळतात आणि मग मी उलट फिरून घरी येते. कपड्यांच्या घड्या घालते, वह्या तपासते, मुलीची वाट बघते. त्या मोकळ्या दुपारचं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.