जावांच्या भिंतीतलं दार

मुलांनो, नवऱ्याच्या भावाची बायको म्हणजे जाऊ. इंग्रजीत तिलाही सिस्टर-इन-लॉच म्हणतात, त्यामुळे हा शब्द तुमच्या कानावर आला नसेल.

मस्कतमध्ये मी अल खुवैरच्या एका कन्सल्टन्सीत घरांचे नकाशे काढायचे. अल अमेरातच्या पलीकडे, डोंगरातल्या एका खेड्यात दोन म्हाताऱ्या जावा राहत. दोघी विधवा. त्यांची मातीची घरं एकमेकींना टेकलेली, आणि मधल्या भिंतीत परातीएवढं भोक. त्यातून कॉफी, खजूर आणि भांडणं ये-जा करत. एका पुरात थोरलीच्या घराला तडे गेले. ते पाडून तिथेच नवं बांधायचं ठरलं.

नियमाप्रमाणे नवं घर हद्दीपासून दूर हवं होतं, आणि शेजारच्या अंगणात डोकावणारी खिडकी चालणार नव्हती. मी तसा नकाशा काढला. थोरलीच्या मुलाला ऑफिसात शिकलेलं हिंदी येई, तोच आमचा दुभाष्या. त्याने नकाशा चटईवर पसरून आईला समजावला.

"मग हिच्याशी बोलू कुठून?" तिने विचारलं.

"फोन आहे ना, आई."

"फोनमधून खजूर जातो का?"

जागा तिच्या नावावर होती. तिच्या अंगठ्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता, आणि ती भिंत आणखी एक पूर सोसणार नव्हती. मुलगा डोकं धरून बसला.

मी नकाशातल्या घराला हात लावला नाही. दोघींच्या मधल्या कुंपणाच्या भिंतीत एक बुटकं दार काढलं. थोरलीने अंगठा दिला. बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, म्हणाली की शेजारणीची संमती आणा. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

धाकटी म्हणाली, "नको. जन्मभर भोकातून माझ्या जेवणाला नावं ठेवली. आता थेट चुलीपाशी येईल."

"मीठ कमी असतं, म्हणून सांगते," थोरली भोकातून म्हणाली.

"कडी माझ्या बाजूने असेल, तरच."

"मग माझ्याही बाजूने हवी."

मुलगा हसू दाबत मला म्हणाला, "मॅडम, दोन काढा."

बलदियातल्या अधिकाऱ्याचं बोट त्या दारावर थांबलं. "दोन कड्या कशाला?"

"सिस्टर्स-इन-लॉ आहेत," मी सांगितलं.

"सख्ख्या भावांच्या बायका?"

"हो."

त्याने शिक्का मारला. नियमाने मोजली होती ती भिंत. तिच्यातून चालणारी दोघींची देवाणघेवाण कोणत्याच रकान्यात बसत नव्हती, हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

घर पुरं झाल्यावर मी थोरलीच्या मुलाबरोबर पाहायला गेले. थोरलीची कडी उघडी होती, पण दार ढकललं तर हललं नाही.

"काल मी तिच्या भाताबद्दल बोलले," ती म्हणाली. "उघडेल, इन्शाल्ला."

मग दाराला पाठ टेकून ती खाली बसली, आणि पलीकडे नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात माझ्याशी बोलू लागली.