धिराची मुलगी

टेक्सासमधल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत मी गणित शिकवते. परवा शाळा सुटली तेव्हा फाटकासमोर एक पांढरी, बिनखिडक्यांची गाडी उभी होती. ती पाहून माझ्या वर्गातली मारिसोल थबकली. तिचे आईवडील मेक्सिकोहून आलेले, कागदपत्रांविना. अशा लोकांना पकडून देशाबाहेर धाडणारे अधिकारी अशाच गाड्यांतून येतात. सोबत धाकटा भाऊ आणि शेजारच्यांची दोन मुलं होती.

“पळायचं नाही,” ती त्यांना हळूच म्हणाली. “हसत चला.”

मुलं हसत निघाली. मीही मागोमाग गेले. गाडीतून एक माणूस उतरला आणि त्यानं नळदुरुस्तीचं सामान बाहेर काढलं.

कोपऱ्यावर मारिसोल भिंतीला टेकली. भावाचा हात तिनं घट्ट धरला होता.

“फार धिराची आहेस गं,” मी म्हणाले.

“सगळे तेच म्हणतात, मिस. मग मला घाबरता येत नाही.”

अशा मुलींना आम्ही शिक्षक कौतुकानं समंजस म्हणतो, आणि त्यांच्या खांद्यावर आणखी थोडं ओझं ठेवतो.

मुलांना घेऊन ती घराकडे वळली. घरी आई असेल की नाही, हे दार वाजवेपर्यंत तिला कळणार नव्हतं.