टेकडीवरच्या शेपट्या

सापळेवाल्या काकांचं काम सोपं होतं. टेकडीवर उंदीर धरायचे, शेपटीचं टोक कापून कुपीत घालायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं. पण गुडघे कुरकुरायचे, म्हणून काका पहिल्या दिवसापासूनच टेकडी न चढता घरच्याच उंदरांच्या शेपट्या कापून कुपीवर ‘टेकडी’ लिहू लागले.

“उंदीर तो उंदीर, कोण बघतंय!”

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बघितलं. डीएनए तपासून त्यांनी अहवाल दिला की टेकडीवरचे उंदीर घरातल्या उंदरांसारखेच आहेत, राखण्यासारखं तिथे काही नाही. महिन्याभरात टेकडीला सुरुंग लागले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या स्वयंपाकघरात लांब कानांचे, कधी न पाहिलेले तांबूस उंदीर शिरले.

“बघत काय बसलात? सापळा लावा!” काकू ओरडल्या.

काकांनी लावला. सगळे सापडले. ते बादलीत बुडवताना काकांचे गुडघे अजिबात दुखले नाहीत.